चुकलेल्यानं हलायचं नाही

नंदुरबारच्या स्टँडवर रनाळ्याची गाडी लागली की हिलालअण्णांचं निम्मं वय उतरायचं. गाडी थांबायच्या आत ते खिडकीखाली पोहोचलेले असायचे, टाचा उंचावून पांढरा रुमाल आत फेकायचे आणि तो बरोब्बर दोन माणसांच्या बाकावर पडायचा. रुमाल पडला की सातबारा झाला. मग भलाभला तालेवार आला तरी तिथं टेकत नाही, हा आपल्याकडचा कायदा. अण्णांच्या मागून शोभाबाई पिशव्या सांभाळत, लोकांचे कोपर खात सावकाश चढायच्या. जागेची चिंता त्यांनी चाळीस वर्षांत केली नव्हती. नवऱ्यानं काय दिलं असं कुणी थट्टेनं विचारलं तर त्या हसून सांगायच्या, "जागा दिनी."

तर असा हा जागा धरणारा माणूस पुण्यात लेकीकडे आला आणि मेट्रो बघून हिरमुसला. लेक ममता कोथरुडात राहते, आनंदनगर स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्याच रविवारी तिनं आई-बापांना मेट्रोत बसवून आणलं. गाडी झुळझुळीत, थंडगार, खाली वाहनांची गर्दी मुंग्यांसारखी. शोभाबाई हरखल्या. अण्णांनी मात्र काचेवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "हाई गाडी नही, कपाट शे. खिडकीच उघडत नही, ते रुमाल कोठून टाकाना?"

ममता पोट धरून हसली. शोभाबाईही हसल्या, पण अर्धवट. हल्ली त्यांचं हसू असंच अर्ध्यावर थांबायचं, आणि त्याचं कारण पोरांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

अण्णा विसरायला लागले होते. चष्मा, किल्ली विसरणं कुणाला चुकलंय! पण कापूस वेचणीच्या दिवसांत ते शेताच्या फाट्यावर थांबले आणि त्यांनी बायकोला विचारलं, "आपलं वावर कोनता अंगे शे?" ज्या वावरात त्यांचा जन्म गेला, ते वावर. शोभाबाईंना आधी गंमत वाटली, मग त्यांनी मुकाट्यानं पुढं होऊन वाट दाखवली. नंतर एकदा अण्णांनी पोटच्या पोराला, धर्मेंद्रला, 'भरत' म्हणून हाक मारली. भरत हा त्यांचा भाऊ, तो जाऊन वर्षं लोटली होती. शोभाबाईंनी सारवासारव केली. एकीकडे सावरायचं, दुसरीकडे झाकायचं, असं चाललं होतं. नवऱ्याला हळूच सुचवावं तर तो अंगावर यायचा, "माले काय व्हयेल शे? तूच चुकस!" आणि जो माणूस आपण चुकलो हे मानतच नाही, त्याचा हात धरायचा तरी कसा? शोभाबाईंना रात्रंदिवस तेच एक खात होतं. दवाखाना पुण्यात होता, लेक पुण्यात होती, पण बापाच्या नकळत लेकीला सांगणं म्हणजे त्याची पाठ वळल्यावर चुगली करणं. ते काही त्यांच्यानं होईना.

पुतणी प्रतिभा येरवड्याला राहते. तिनं दोघांना जेवायला बोलावलं. ममता म्हणाली, "अण्णा, मी गाडी करी देस. दारथून दारले जाशात."

"काय गरज शे? मेट्रोनी जासूत. एकच गाडी, बदलानी बी नही. तुन्ही मायले मी लई जास."

बापाची ऐट बघून ममतानं दोघांच्या हाती एकेक कार्ड दिलं आणि ती कामाला गेली. शोभाबाईंनी पिशवीत उडदाचे पापड घेतले, ज्वारीच्या बिबड्या घेतल्या, आणि अण्णांचा मोबाइलही गुपचूप पिशवीत टाकला, कारण गेल्या आठवड्यात तो फ्रीजमध्ये सापडला होता.

आनंदनगरच्या फलाटावर गर्दी होती. गाडी आली, दारं उघडली, आणि अण्णांचं निम्मं वय उतरलं. शोभाबाई जमिनीवर टेकवलेली पिशवी उचलतात न उचलतात तोवर ते गर्दीतून सुळकन आत शिरले. आत एका बाजूला दोन जागा रिकाम्या होत्या. एकीवर ते बसले, दुसरीवर रुमाल टाकला, आणि बायकोकडे बघून त्यांनी विजयी वीरासारखा हात केला : ये!

पण एसटी थांबते. बायामाणसं, गाठोडी, कोंबडी, सगळं वर येईपर्यंत थांबते, आणि कुणी राहिलं तर आतले लोकच कंडक्टरला ओरडून थांबवतात. मेट्रोला कंडक्टरही नाही आणि धीरही नाही. शोभाबाईंसमोर दारं मिटली. त्यांनी काचेवर थाप मारली. आत अण्णा अजूनही रुमालाकडे बोट दाखवत हसत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. गाडी त्यांना तशीच हसतमुख घेऊन गेली.

शोभाबाई मटकन बाकावर बसल्या. पिशवीत दोन मोबाइल, एक त्यांचा, एक नवऱ्याचा. नवऱ्याच्या खिशात एक कार्ड तेवढं.

फलाटावरची सुरक्षारक्षक मुलगी धावत आली. "आजी, घाबरू नका. नाव सांगा, पुढच्या स्टेशनला कळवते. ते पुकारतील."

"नको गं बाई," शोभाबाई हात जोडून म्हणाल्या. "नाव पुकारू नको. येतील ते. आमचं ठरलेलं आहे."

ठरलेलं होतं ते असं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघं सारंगखेड्याच्या यात्रेला गेले होते. घोड्यांच्या बाजारात ही एवढी धूळ, ही एवढी माणसं, आणि त्यात नवी नवरी हरवली. ती त्यांना शोधत फिरली, ते तिला शोधत फिरले. ती पाळण्यांकडे तेव्हा ते मंदिराकडे, ती मंदिराकडे तेव्हा ते घोड्यांकडे. दिवस कलला तेव्हा कुठं बांगड्यांच्या दुकानापाशी गाठ पडली. अण्णा रागावले नाहीत. ते म्हणाले, "आते ध्यानमा ठेव. जो चुकना, त्यानी हालानं नही. जो सोधस, त्यानीच फिरानं. दोन्ही फिरनात ते जलमभर भेटाऊत नही."

त्या दिवसापासून तो घरचा कायदा झाला. आणि त्यात न बोलता हेही ठरून गेलं की चुकणार ती शोभाबाई आणि शोधणार ते अण्णा. बाजारात असो, लग्नात असो, सिव्हिल हॉस्पिटलात असो, त्या जिथल्या तिथं उभ्या राहायच्या आणि गर्दीतून अण्णांची पांढरी टोपी वाट काढत यायची. एकदाही चुकलं नाही.

म्हणून त्या बसून राहिल्या. समोरच्या फलाटावर उलटी गाडी आली, माणसं उतरली. पांढरी टोपी नव्हती. दुसरी आली. तिच्यातही नव्हती. रक्षक मुलगी लांबून बघत होती. तिनं पाण्याची बाटली आणून दिली, ती शोभाबाईंनी न उघडताच मांडीवर ठेवली.

आता मनात काय काय यायला लागलं. ते विसरले असतील. बायको सोबत होती हेच विसरले असतील. शेजारचा रुमाल कुणाचा, म्हणून त्याच्याकडे बघत बसले असतील आणि गाडी त्यांना या टोकाहून त्या टोकाला नेत-आणत असेल. या विचारासरशी शोभाबाईंना रडू कोसळलं. इतके महिने दाबून धरलेलं रडू होतं, ते पापडाच्या पिशवीवर सांडलं. मी झाकायला गेले आणि माणूसच घालवून बसले, असं त्यांना झालं.

मग रडता रडता त्यांच्या मनात आलं की आपण इथं बसलोय, कारण चुकलेली मी. पण चुकलेली मी आहे का? मला स्टेशन ठाऊक, लेकीचं घर ठाऊक, जवळ मोबाइल आहे. मी तर कुठंच हरवलेली नाही. मग शोधायचं कुणी?

जन्मात त्या पहिल्यांदा नेमल्या जागेवरून उठल्या.

"बेटा," त्यांनी त्या मुलीला विचारलं, "यापुढं कोणतं स्टेशन?"

"आयडियल कॉलनी. आता येतेय बघा गाडी. मी कळवू का तिकडे?"

"मी बघते आधी. नसले तिथं, तर मग पुकार."

गाडी आली. एकटीनं बसायची ही पहिलीच वेळ. शोभाबाई बसल्या नाहीतच, दाराच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. गाडी हळू झाली, फलाट सरकायला लागला, आणि एका खांबाला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत शिक्षेला बसवल्यासारखी ती पांढरी टोपी बसलेली दिसली.

शोभाबाई दारातून जवळजवळ पडल्याच बाहेर. धावत गेल्या. सुटकेचा राग असतो ना, तो आधी बाहेर पडला.

"काय माणूस शे! मी तठे वाट देखी देखी मरनू आनि तुम्ही आठे बठेल शेत! माघारे काबरं उनात नही?"

अण्णांनी वर पाहिलं. ओळखलं. चेहरा उजळला, पण ते उठले नाहीत.

"कसा येसू? चुकनू ना मी."

"काय?"

"मी चुकनू." ते सावकाश, शब्द जमवत बोलत होते. "पयले मले वाटनं, तूच चुकनी. उतरनू, म्हटलं माघारे जास. एक पोऱ्यानी इचारं, बाबा, कोठे जानं शे? ते मले याद उनं नही. पोरीना घरना पत्ता बी नही. मंग मी मनमा म्हटलं, हिलाल, या येळले चुकनी ती नही. चुकनू तो तू शे. आनि जो चुकना, त्यानी हालानं नही. म्हनीसन बसनू. तू यीशी हाई माहीत व्हतं."

शोभाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. लेकीच्या घराचा पत्ता विसरलेल्या माणसाला यात्रेतलं वचन तेवढं आठवलं होतं, आणि ज्या शब्दासाठी त्या इतके महिने तिष्ठत होत्या, तो त्यानं आपण होऊन उच्चारला होता. त्यांनी त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला.

"ममताले सांगूत का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"सांग. तूच सांग. मन्हा ध्यानमा ऱ्हावाव नही." आणि ते स्वतःच हसले. मग एकदम खिसे चाचपायला लागले. "रुमाल?"

"कोठे शे?"

"जागावर. धरेल शे ना दोन जागा."

रुमाल एव्हाना येरवड्याच्याही पुढं गेला असणार, दोन जागा धरून, इमानदारीत. शोभाबाईंना रडता रडता हसू फुटलं, आणि या वेळी ते अर्ध्यावर थांबलं नाही.

पुढची गाडी आली. दारं उघडली. अण्णांचा पाय सवयीनं पुढं सरसावला, पण शोभाबाईंनी हात सोडला नाही. दोघं बरोबर चढेपर्यंत आतल्या रिकाम्या जागा भरून गेल्या.

"गई ना जागा!" अण्णा कुरकुरले.

"जाऊ द्या," शोभाबाई म्हणाल्या. "उभं ऱ्हासूत."

आणि एका हातानं दांडा, दुसऱ्या हातानं नवरा धरून त्या येरवड्यापर्यंत उभ्या राहिल्या.