वहिनीचं खरकटं

आमच्याकडे लोखंडाच्या कणांना ‘पोरं’ म्हणतात आणि त्यांना धुण्याला ‘आंघोळ’. ही नावं मी ठेवली. दिवसभर ‘कण धुतले का, कण वाळले का’ ऐकून माझं डोकं उठायचं, म्हणून. पत्र्याच्या छपराखालची ही छोटी प्रयोगशाळा माझ्या वहिनीची. मी तिची नणंद. परवानग्या, पाहुणे, भांडणं असं बाहेरचं सगळं माझ्याकडे. खरं तर भांडणांसाठीच मला ठेवलंय, असं दादाचं मत.

पोरं जन्मतात ते बघण्यासारखं असतं. काचेच्या भांड्यात लोखंडाच्या क्षाराचं पिवळट पाणी गरगरत असतं. वहिनी वरून पांढऱ्या पुडीचं द्रावण थेंब थेंब सोडते, फसफस होते आणि बघता बघता भांडं काळंकुट्ट होतं. एकेक कण इतका बारीक की केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील. खालून लोहचुंबक धरला की सगळी तळाशी गोळा. मग आंघोळी, आधी पाण्याच्या आणि मग अल्कोहोलच्या, नाहीतर पोरं गंजतात. मग हवा लागू न देता वाळवून डब्यात बंद. मी हे कितीदा पाहिलं असेल, पण काळं होण्याच्या क्षणी आजही हातातलं काम सोडून उभी राहते.

हा सगळा खटाटोप एका विहिरीसाठी होता. एका बंद पडलेल्या कारखान्यामागे वस्ती आहे. कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनायचे, ते चकाचक करायला एका द्रावणात धुवायचे आणि ते द्रावण मागच्या खड्ड्यात ओतून द्यायचे. वर्षानुवर्षं ते मुरत मुरत वस्तीच्या विहिरीत उतरलं. विहिरीचा पंप चालवणाऱ्या बाईंना सगळे पंपवाल्या मावशी म्हणतात. पंपाला कुलूप लागलं, तरी किल्ली त्यांच्या कमरेलाच असते. आमची पोरं विहिरीतलं ते विष फोडून टाकतात, हे वहिनीने बाटल्यांमध्ये करून दाखवलं होतं. आता पोरं विहिरीत सोडायची परवानगी देणारी समिती येऊन कारभार बघणार आणि हो म्हणणार, एवढंच राहिलं होतं. वहिनीची उमेदीची सगळी वर्षं त्या ‘हो’त अडकली होती.

आणि नेमका तेव्हा माझ्या भावाला स्वयंपाकाचा झटका आला.

समिती यायच्या महिनाभर आधी एका रविवारी त्याने एक भाजी केली. भाजी झकास होती, त्यात वाद नाही. आम्ही बोटं चाटली. स्वारी शर्टाची कॉलर ताठ करून बसली. वहिनी ताट ठेवायला आत गेली ती बाहेरच येईना. जाऊन बघते तर बाईसाहेब मोरीसमोर उभ्या. कढया, झारे, वाडगे, चाळण्या, घरातलं एकही भांडं दादाने सोडलं नव्हतं.

“एवढुशा भाजीला एवढं खरकटं,” ती म्हणाली.

“मी घासतो गं,” दादा बाहेरून ओरडला.

“तुझं नाही म्हणत मी. माझं म्हणतेय.”

सोमवारी तिने फर्मान काढलं: आंघोळीचं पाणी टँकरला द्यायचं नाही, पिंपात भरून अंगणात ठेवायचं. आजवर टँकर यायचा, पाणी घेऊन जायचा. कुठे, ते मी कधी विचारलं नव्हतं. वहिनीने ड्रायव्हरला गाठून विचारलं. लांब एक भट्टी आहे, तिथे जाळतात, तो म्हणाला. जाळायला तेल लागतं, आणि धुराचं काय होतं ते त्यालाही माहीत नव्हतं. मग ती त्या पांढऱ्या पुडीच्या मागे लागली. ती बनवायला किती वीज लागते याचा हिशेब मांडल्यावर ती जेवलीच नाही.

विहिरीला पुरतील इतकी पोरं तयार होईपर्यंत पिंपांनी अंगण भरलं. दादाच्या गाडीला जागा उरली नाही. फाटकातून आत यायचं तर अंग चोरून यावं लागे.

“ताडपत्री टाकते मी,” समितीच्या दिवशी सकाळी मी म्हटलं.

“नको.”

“वहिनी, ते विहिरीचं बघायला येतायत. तुझी मोरी बघायला नाही.”

“आपण आता हिला आंघोळ म्हणायचं नाही,” ती शांतपणे म्हणाली. “आंघोळ म्हटलं की लाड वाटतात. खरकटं म्हणायचं.”

माझा इतका संताप झाला की मी ताडपत्री तिच्या पायाशी आपटली. तिने ती उचलली, नीट घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली.

समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. पोट आत घेऊन पिंपांमधून वाट काढत आले आणि सहज म्हणाले, “हे काय साठवलंय?”

मी तोंड उघडायच्या आत वहिनी बोलली. “आमचं खरकटं. एक विहीर साफ करायला एवढं निघतं. शिवाय याला जाळायला लागणारं तेल आणि आमच्या पुडीला लागलेली वीज. ती पिंपात मावत नाही.”

“पण हे तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं,” ते चकित होऊन म्हणाले.

“ती विहीर कशाने नासली, साहेब? कुणीतरी माल चकाचक केला आणि धुणं मागे ओतून दिलं. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण खोटं कशाला बोलू, त्याच वेळी माझा ऊर भरून आला होता. आपल्या हाताने आपल्या ताटात माती कालवणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि तिचा आवाज जरासुद्धा कापत नव्हता.

साहेबांनी परवानगी राखून ठेवली. अंगण मोकळं होईल तेव्हा बोलवा, म्हणाले.

मावशींना सांगायला वहिनी स्वतः गेली. मी सोबत होते, भांडण झालंच तर असावी म्हणून. झालंच. मावशी पिण्याच्या पाण्याच्या टँकरच्या नळीखाली कळशी धरून उभ्या होत्या.

“म्हणजे होत होतं काम, आणि तुम्ही मोडलंत?” त्या कडाडल्या. “गप्प बसता येत नव्हतं?”

“गप्प बसले असते तर आमचं खरकटं दुसऱ्या कुणाच्या तरी दारात गेलं असतं, मावशी.”

मावशींनी कळशी उचलली आणि पाठ फिरवली.  भांडायचे सगळे शब्द मावशींच्या बाजूचे होते. परतताना वहिनी रस्ताभर रडली.

पण हात बांधून बसली नाही. तिने पांढरी पूड बंद केली. ओतीव लोखंड तेल न लावता कापतात, त्या लेथचा कोरडा भुगा आणला आणि पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात घालून दळायला लावला. घरघर, घरघर, दिवसच्या दिवस. वीज याही चक्कीला लागायची, पण तिचा मीटर आमच्या भिंतीवर होता आणि वहिनी येता-जाता त्याच्याकडे सासूसारखी बघायची. दळून निघालेली पोरं लठ्ठ आणि आळशी. कामाला लागायला वेळ, आणि लागायचीही जास्त. पण आंघोळ नको. तशीच पाण्यात कालवायची आणि सोडायची. जुन्या पिंपांतलं अल्कोहोल तिने गाळून परत वापरात आणलं. शेजाऱ्यांना वाटलं, आम्ही दारूचा धंदा काढला. चक्की आणि मोकळं होत आलेलं अंगण बघून साहेबांनी सही केली.

आळशी पोरांनी मावशींना फार थांबवलं. अखेर एका दुपारी तपासणीचा निकाल घेऊन आम्ही गेलो. पाणी स्वच्छ होतं, लागोपाठच्या तपासण्यांत स्वच्छ. मावशींनी कमरेची किल्ली काढली आणि पंप सुरू केला. पहिला पेला भरून वहिनीपुढे धरला. वहिनीने हात पुढे केला, तसा त्यांनी पेला मागे घेतला.

“आधी सांगा,” त्या म्हणाल्या. “तुमचं खरकटं कुठे टाकलंत?”

समितीसमोर न कापलेला वहिनीचा आवाज तेव्हा कापला. “टाकलं नाही. आटत आटत एक पिंप उरलंय. त्याचं काय करायचं ते अजून कळलं नाही मला.”

“आहे कुठे?”

“अंगणातच.”

मावशींनी पेला तिच्या हातात दिला.

“डोळ्यांसमोर आहे ना? मग घासाल तुम्ही,” त्या म्हणाल्या.