गणिताच्या तासाला अडकणारं नेट

बाईंचं नेट दिवसभर अगदी शहाण्यासारखं चालायचं. सकाळी बातम्या लावा, दुपारी सिनेमा लावा, कुठं अडखळणार नाही. संध्याकाळी गणिताचा तास सुरू झाला, की मात्र मेल्याच्या अंगात यायचं. बाई म्हणायच्या, "आता क्षची किंमत..." आणि लॅपटॉपवरची मुलं तोंडं उघडी टाकून जागच्या जागी थिजायची. थोड्या वेळानं सगळं आपोआप सुरळीत व्हायचं, पण तोवर मुलांनी क्षला वाऱ्यावर सोडलेलं असायचं.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिवसभरात त्यांना कुणी हाक मारायचं ते फक्त या तासात. आणि परवा शिकवणीच्या मॅनेजरनं अगदी मधाळ आवाजात सांगितलं होतं, "मॅडम, पालकांची आणखी एक तक्रार आली, तर तास दुसऱ्यांना द्यावा लागेल." तास गेला, तर सकाळी उठून केस तरी कुणासाठी विंचरायचे?

उपाय काय कमी केले होते? राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉपमधलं नको ते सगळं पुसलं. नेटवाला येऊन गेला, तोही भर सकाळी. डॉक्टरच्या दारात दाढदुखी थांबते, तसं नेट त्याच्यासमोर सुसाट पळालं. "सगळं ओके आहे, काकू," म्हणून तो निघूनही गेला.

शेवटी बाईंनी भाच्याला फोन लावला. त्यानं एरवी फोन उचलला असता की नाही देव जाणे, पण बिघाड म्हटलं की तो खुशीत यायचा.

"मावशी, अडकतं तेव्हा मोबाइलवर बघ. तोही अडकला, तर लॅपटॉपचा दोष नाही. आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालू होतं, तेही बघ."

"माझ्या आजूबाजूला काय चालू असणार, बाबा?"

पण बघितलं. तासाला मुलं थिजली, मोबाइलही थिजला, आणि राउटरमागच्या भिंतीतून बारीक घरघर ऐकू आली. मग टिंग झालं आणि मुलं हलायला लागली. तेव्हा कुठं कळलं, माशी नेमकी कुठं शिंकतेय ते.

"शेजाऱ्याचा मायक्रोवेव्ह," भाचा फोनवर म्हणाला. "जुना असणार. त्याच्या लहरी तुझ्या वायफायवर कुरघोडी करतात. राउटर त्या भिंतीपासून हलव."

पण राउटरची वायर तिथवरच पुरत होती. लांब वायर घेऊन नेटवाला आता पुढच्या आठवड्यात येणार, आणि तोवर एक जरी तक्रार गेली, तरी खेळ खलास. बाईंनी चपला सरकवल्या आणि शेजारची बेल दाबली.

शेजारी बेकरीत रात्रपाळीला जायचा. कधी जिन्यात भेटला तर नुसती मान हलवायचा. बाईंनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. आता तो दारात उभा राहून सगळं ऐकून घेत होता.

"तेवढा तास सोडून कधीही गरम करा की," बाई म्हणाल्या. "अर्धा तास आधी करा."

"आधी नाही जमणार."

"का म्हणून?" बाईंचा शाळेतला आवाज लागला.

तो उंबऱ्याकडे बघत राहिला. "तुमचा तास सुरू झाला की मी ताट घेऊन बसतो. शब्द नीट कळत नाहीत. पण कुणीतरी बोलत असलं की घास उतरतो. टीव्ही लावून बघितला, त्यानं नाही होत." मग घाईघाईनं म्हणाला, "तुमची अडचण होत असेल तर राहू दे. गार खाईन मी."

बाई स्वतः ओट्यापाशी उभ्यानंच जेवायच्या. ताट मांडून बसायचं तरी कुणासमोर, असं त्यांना वाटायचं. त्या "बरं" म्हणाल्या आणि परत आल्या.

त्यानंतर नेट एकदाही अडकलं नाही. मॅनेजरनं शाबासकी दिली. बाईंना मात्र ती घेताना लाज वाटली. भिंतीपलीकडं एक माणूस गारढोण अन्न चावत बसलाय, हे काही केल्या मनातून जाईना.

नेटवाला आला, तेव्हा त्यांनी राउटर लांब, झोपायच्या खोलीत लावून घेतला.

"टेबलही इकडंच आणा, काकू. रेंज फुल मिळेल."

"टेबल राहू दे तिथंच, भिंतीपाशी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी शेजारी जाऊन सांगितलं, "आता खुशाल करा गरम." त्यानं मान हलवली.

त्या संध्याकाळी तास चालू असताना घरघर झाली, टिंग झालं. एकही मूल थिजलं नाही. तास संपला, "बाय मॅडम" म्हणत मुलं एकेक करून गेली आणि पडद्यावर बाईंचा एकटीचाच चेहरा उरला. त्यांनी लॅपटॉप मिटायला हात पुढं केला. पलीकडं चमचा अजून ताटावर वाजत होता. आज त्याला जेवायला बसायला उशीर झाला असावा.

बाईंनी हात मागं घेतला, पुस्तकाचं पान उलटलं आणि आवाज जरा चढवला.

"हं, आता पुढचं गणित घेऊ या," त्या म्हणाल्या आणि सावकाश वाचायला लागल्या.