हेर वीलांड दगड चाटतात

जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खनिज मंडळात दर गुरुवारी कुणीतरी बिननावाचा दगड आणायचं आणि बाकीच्यांनी त्याचा वर्ग ओळखायचा. हेर वीलांड, म्हणजे आपल्याकडचे वीलांडसाहेब, दगड सरळ जिभेला लावत. खारट लागला की हॅलाइड, म्हणजे मिठाचा वर्ग. नाही लागला तर भाषण. "रंग बघू नका, कुठून आला विचारू नका. आत कुठली मूलद्रव्यं आहेत तेवढंच बघा!" नऊ वर्षं हे ऐकून मंडळातल्या रेनाटाचं डोकं उठलं होतं.

या गुरुवारी तिनं वाटाण्याएवढा तपकिरी खडा पुढे केला. वीलांडनी तो जिभेवर चांगला घोळवला.

"सल्फेट!"

"चूक. कॅल्शियम ऑक्झलेट, म्हणजे सेंद्रिय वर्ग. प्रयोगशाळेचा कागद आहे माझ्याकडे."

सेंद्रिय खनिज, म्हणजे फारच दुर्मिळ खडा! वीलांडना राहवेना. स्वतःचाच नियम विसरून त्यांनी विचारलं, "बाई, कुठल्या खाणीतला हो हा?"

रेनाटानं कोपऱ्यात बिअर पीत बसलेल्या नवऱ्याकडे, उवेकडे बोट दाखवलं. "ती बघा खाण. मे महिन्यात डॉक्टरांनी मुतखडा काढला."

उवेनं ग्लास उंचावला. "अजून एक आहे आत. तुमच्यासाठी ठेवू का?"