पारव्याच्या मुखवट्याची नाडी

मी एक जुनी नाडी आहे. हसलात ना? मला ठाऊकच होते. नाडी म्हटले की सगळ्यांना आधी लेंगा आठवतो. पण मित्रांनो, मी लेंग्याची नाडी नाही. मी एका पैलवान बाईच्या मुखवट्याची नाडी आहे. लांबी चार हात. दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या होत्या, त्यातली एक गळून पडली. रंग एके काळी पांढरा होता, आता दुधाच्या चहासारखा झाला आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मुखवटा डोक्याच्या मागे बांधतात, त्यामुळे माझे तोंड जन्मभर मागेच राहिले. पुढे चाललेली कुस्ती मी कधी धड पाहिलीच नाही. कोण कोणत्या डावावर पडले हे मला विचारू नका. मागे कोण उभे होते ते विचारा, ते मला पाठ आहे.

माझी सुरुवात मेक्सिको देशातली. तिथे लुचा लिब्रे नावाची कुस्ती असते. पैलवान रंगीत मुखवटे घालून लढतात, दोरांवरून उड्या मारतात आणि आपला खरा चेहरा शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत. एउसेबियो नावाच्या पैलवानाने मला बाजारातून बुटांसाठी विकत घेतले आणि घरी येऊन बेत बदलला. त्याच्या गच्चीवर पारवे होते. बाकीचे पैलवान वाघ, सैतान, वादळ अशी नावे घेत. याने घेतले तोर्कासा, म्हणजे पारवा. लोक पोट धरधरून हसले. मात्र पहिल्याच वर्षी. दुसऱ्या वर्षी कुणाची हिंमत झाली नाही.

त्या घरात दोन नियम होते. मुखवटा फाटला तर नवा शिवायचा, पण नाडी तीच ठेवायची. आणि आपली नाडी आपण बांधायची नाही, घरच्या माणसाने बांधायची. एउसेबियोची त्याच्या बायकोने बांधली. पुढे त्याचा मुलगा रोखेलियो पारवा झाला, त्याची एउसेबियोने बांधली. रोखेलियोला एकच मुलगी, सित्लाली. ती चालायच्या आधी कोलांटी मारायला शिकली असे तिची आजी सांगत असे. आजीला थापा मारायची सवय होती, पण या बाबतीत मला तिचे खरे वाटते.

सोळाव्या वर्षी सित्लालीने मुखवटा मागितला तेव्हा रोखेलियो म्हणाला, "पारवा माझ्याबरोबर संपला. लोक माझ्या मुलीला आपटणार आणि मी मागे उभा राहून बघणार? मला नाही जमणार." तो दुष्ट नव्हता हो. घाबरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने जुन्या मुखवट्यातून मला ओढून काढले, नातीसाठी राखी-निळा मुखवटा शिवला आणि पहिली गाठ स्वतः मारली.

मग सोळा वर्षे आम्ही दोघी गावोगाव फिरलो. जत्रा, शाळांची मैदाने, गळक्या छपरांची सभागृहे. सित्लालीचे खांद्याचे हाड दोनदा मोडले. एकदा विजेतीचा पट्टाही मिळाला आणि लोकांनी तिला खांद्यावर घेतले. किती छान दिवस होते ते! आजी गेल्यावर मात्र सित्लाली मला स्वतःच बांधू लागली. हात मागे नेऊन, चाचपडत. गाठ कधी कानाकडे सरके, कधी मानेत रुते. रोखेलियो एकाही कुस्तीला आला नाही. मी दर वेळी मागच्या रांगा धुंडाळत असे. खोटे कशाला सांगू, मी त्याची वाट बघत असे.

सहा वर्षांपूर्वी एका कंपनीने तिला दुबईला खेळ करायला बोलावले. कंपनी गुंडाळली गेली, सित्लाली राहिली. अल क्वोजमध्ये एका गोदामात कुस्तीचा आखाडा आहे. एका बाजूला टायरचे गॅरेज, दुसऱ्या बाजूला संगमरवर कापणारे. दिवसा ती तिथे मुलींना कुस्ती शिकवायची आणि महिन्यातून एकदा मुखवटा घालून लढायची. मुलींच्या कोच सित्लाली आणि रिंगमधली तोर्कासा एकच आहे, हे आखाड्याच्या मालकाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

गोदामाच्या मागच्या गल्लीत झुबेदाचे शिवणकामाचे दुकान आहे. झुबेदा हर्णैची. बायकांच्या काळ्या, पायघोळ अबायांना लेस लावते, साड्यांना फॉल-पिको करते, मराठी बायकांचे ब्लाउज शिवते. मी मराठी शिकले ती तिथेच. ती आणि सित्लाली अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत बोलत. मी ते तुम्हाला मराठीत सांगते आहे.

सित्लाली फाटका मुखवटा घेऊन पहिल्यांदा आली, तेव्हा झुबेदाने तो उलटासुलटा करून पाहिला. "हे काय? मोजा?"

सित्लालीने शटर अर्धे खाली ओढले आणि सगळे सांगून टाकले. माप घ्यायचे तर चेहरा दाखवावाच लागणार होता.

"वल्लाह, कुणाला बोलणार नाही," झुबेदा म्हणाली. "फिरदोसच्या अब्बांना तर नाहीच. त्यांच्या पोटात शेंगदाणासुद्धा राहत नाही."

फिरदोसचे अब्बा म्हणजे तिचा नवरा नूरुद्दीन. गंमत अशी की नूरुद्दीन तोर्कासाचा एक नंबरचा चाहता होता. एकही खेळ चुकवायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात स्टुलावर बसून हातवारे करत सांगायचा, "काय उडी मारली काल! हवेतच गिरकी! तुम्ही एकदा बघायलाच पाहिजे, सिस्टर." ही सिस्टर म्हणजे समोर बसून चहा पिणारी सित्लाली. ती गंभीर चेहऱ्याने मान डोलवायची आणि झुबेदा तोंडात टाचण्या धरून हसू दाबायची. चार वर्षे हे चालले.

मग या वर्षी पैजेची कुस्ती ठरली. मित्रांनो, लुचा लिब्रेत याहून मोठी कुस्ती नाही. मुखवट्यासमोर मुखवटा. जो हरेल त्याने सगळ्यांसमोर मुखवटा उतरवायचा, आपले खरे नाव सांगायचे, मुखवटा जिंकणाऱ्याच्या हातात द्यायचा, आणि तो पुन्हा आयुष्यात घालायचा नाही. समोर होती लाल मुखवट्याची एक उंच पैलवान, तिचे रिंगमधले नाव विंचू. सित्लाली आता अडतिसाची, गुडघा दुखणारा. हरली तर तीन पिढ्यांचा पारवा संपणार होता.

अशा कुस्तीला नवा मुखवटा हवाच. झुबेदाने जीव ओतून शिवला. आणि एवढे सुंदर काम करून शेवटी प्रेमापोटी घोळ घातला. माझ्याकडे बघून तिला वाटले, एवढ्या देखण्या कपड्याला ही मळकी नाडी कशाला? तिने मागे बारीक झिप बसवली. आणि माझे काय केले? मलाच गुंडाळून कातरणांचे बोचके बांधले आणि ते मागच्या दारी कचऱ्यात ठेवून दिले. चाळीस वर्षांहून जास्त सेवा केली, तीन पैलवानांचा घाम प्यायले, आणि शेवटी कचऱ्याच्या बोचक्याला! मला फार वाईट वाटले.

खेळाच्या दिवशी दुपारी सित्लाली मुखवटा न्यायला आली.

"बघ!" झुबेदा म्हणाली. "अबायाला आम्ही हीच लावतो. घाल, ओढ, खलास."

सित्लाली मटकन स्टुलावर बसली. कोपऱ्यात झुबेदाची मुलगी फिरदोस अभ्यास करत होती. ती याच आखाड्यात कुस्ती शिकते. तिने वर पाहिले.

"अम्मी, एनीवन कॅन पुल अ झिप! इन वन सेकंड!" मग तिची नजर मुखवट्यावरून सित्लालीवर गेली. "कोच... इट्स यू. आय न्यू इट!"

"अब्बांना एक शब्द बोललीस तर बघ," झुबेदा म्हणाली, आणि मग तिला आपली चूक कळली. कुस्तीत मुखवटा ओढणे नियमाबाहेरचे असते, पण पंचाची पाठ फिरली की बोटे शिवशिवतातच. "नाडी! या अल्ला, नाडी कुठे टाकली मी?"

ती अनवाणीच मागच्या दाराकडे धावली. बोचक्यावरची माझी गाठ तिने भराभर सोडली. तिने झिप उसवली, भोके पाडली, रिंगा ठोकल्या आणि मला एकेका भोकातून ओवले. तेवढ्यात सित्लालीने तिला घरचे दोन्ही नियम सांगितले.

"मग तुझी नाडी कोण बांधतं?"

"कुणी नाही. मीच."

झुबेदाने सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "आज मी बांधणार. मी येते तुझ्यासोबत. यल्ला, ऊठ बाय."

कुस्तीच्या हॉलमागच्या खोलीत तिने मला बांधले. साधी गाठ नव्हे. हर्णैला तिच्या वडिलांची मासेमारीची होडी होती. त्या होडीच्या दोराची गाठ मारली तिने. ओढाल तितकी ती आवळत जाते. सोडायची जागा एकच, तीही गाठ शिकलेल्यालाच सापडते.

कुस्ती अर्धा तास चालली. मला काय दिसणार! कधी दिवे दिसले, कधी जमीन. विंचूच्या बोटांनी मला तीनदा पकडले, तीनदा हिसडा मारला. मी तसूभरही हलले नाही. पण गुडघ्यावर माझा काय इलाज? सित्लालीची पाठ जमिनीला टेकली, पंचाने तीन वेळा जमिनीवर थाप मारली, आणि ती हरली.

सित्लाली रिंगच्या मधोमध गुडघ्यांवर बसली आणि तिने हात मागे नेले. गाठ सुटेना. पंचाने प्रयत्न केला. विंचूने हातमोजे काढून प्रयत्न केला. मग कुणीतरी कात्री आणली. मित्रांनो, त्या कात्रीचे थंडगार पाते मला लागले, तेव्हा मी मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

"नो!" सित्लालीने पंचाचा हात धरला. "कापायची नाही."

तेव्हा मागच्या रांगेतून काळा अबाया घातलेली एक बाई निघाली. "थांबा! माझी गाठ आहे ती, मी सोडते!" असे ओरडत ती दोरांखालून कशीबशी रिंगमध्ये शिरली. लोक हसू लागले. तिसऱ्या रांगेत नूरुद्दीन ताडकन उभा राहिला. "झुबेदा? अगं, तू इथे काय करतेस?"

गाठीच्या पोटात झुबेदाने नख घातले, आणि मी सुटले. मुखवटा उतरला. घामेजलेला, रडवेला चेहरा सगळ्यांना दिसला.

"सिस्टर?" नूरुद्दीनचा आवाज फाटला. "अरे, ही तर रोज आपल्या दुकानात चहा पिते!"

"माझं नाव सित्लाली," ती माइकवर म्हणाली. "माझे आजोबा पारवा होते, वडील पारवा होते, मी पारवा होते. बावीस वर्षं लढले." पहिली टाळी नूरुद्दीनची होती. मग सगळा हॉल उभा राहिला आणि विंचूने वाकून तिच्या हाताला डोके टेकवले. मुखवटा विंचूकडे गेला, नियमच तसा. पण नाडीबद्दल नियमात काहीच नव्हते. मी झुबेदाच्या मुठीत होते.

दुसऱ्या दिवशी सित्लाली दुकानात बसली असताना तिचा फोन वाजला. रोखेलियो! त्याने सगळी कुस्ती फोनवर पाहिली होती, बावीस वर्षांत पहिल्यांदा. हरल्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

"नाडी कुणी बांधली होती?" त्याने विचारले.

"इथे माझी एक बहीण आहे, पापा."

"चांगली बांधली. मला शिकवेल का ती?"

थंडीच्या दिवसांत तो आला. सत्तरीचा, जाड मानेचा म्हातारा. झुबेदाने शिलाई मशीनच्या पायाला मला बांधून त्याला आठवडाभर गाठ शिकवली. "चाचा, असं नाही, खालून घ्या," असे ती मराठीत सांगायची. त्याला शब्द कळत नसत, बोटे कळत. तो चुकायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

सित्लाली आता उघड्या चेहऱ्याने लढते. तिच्या वेणीला मी असते. मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे, म्हणून एक मागणे मागते. जुन्या वस्तू फेकण्याआधी त्यांनी काय काय धरून ठेवले होते ते एकदा विचारा. आणि कुठेही जाल तेव्हा तुमच्या मागे कुणी गाठ बांधत उभे असेल, तर क्षणभर वळून त्याच्याकडे बघा. तुम्हाला ते दिसत नाही, पण मला सगळे दिसते.

शिकवणीचा आठवडा संपला त्या संध्याकाळी सित्लाली रिंगकडे निघाली तेव्हा मी सवयीने मागे पाहिले. रोखेलियो उभा होता. त्याने मला नुकतेच बांधले होते, आणि गाठ साफ वाकडी झाली होती. झुबेदाने ती पाहिली, हात पुढे केला, आणि तशीच राहू दिली.