माखल्याशिवाय न्यायचा नाही

"अहो, पण चित्र पाठीवर का छापलंय?" गिऱ्हाइकानं टी-शर्ट उलटासुलटा करून विचारलं.

"बागेत राबणाऱ्याचं तोंड कधी दिसतं का?" सिस्टर म्हणाल्या. "सदा ओणवा! दिसते ती पाठच."

गिऱ्हाईक खो खो हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्या सकाळपासून रुसलेल्या होत्या.

नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. इस्पितळामागची ही बाग त्यांनीच सुरू केली. तेव्हा तिथं मोडक्या खाटांचा ढीग होता. हाडांच्या वॉर्डातले रोगी महिनोन्‌महिने खिडकीतून तोच ढीग बघत पडायचे. 'अंगाखाली खाट आणि डोळ्यांपुढंही खाटच!' असं म्हणत सिस्टरांनी एका संध्याकाळी, ड्यूटी संपल्यावर, कोपऱ्यात घेवड्याच्या बिया टोचल्या. आता दर रविवारी हौशी मंडळी जमत आणि बिनपगारी राबत. पण माती, रोपं, पाण्याचा पाइप हे काही नुसत्या हौसेवर येत नाही. म्हणून बागेच्या मंडळानं झारीचं चित्र छापलेले टी-शर्ट विकायला काढले होते. आणि विकायला बसवलं कोणाला, तर सिस्टरांना!

"आई, उकिडवं बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय," सुनेनं घरातून निघतानाच बजावलं होतं. मंडळाचे कारभारी, बँकवाले काका, तिला सामील. "सिस्टर, तुमच्यासारखं गोड बोलणं कोणाला जमतंय? आज माल खपला की हे टेबल कायमचं तुमचं!"

कायमचं! म्हणजे मातीला पुन्हा हात लागायचा नाही. पण माल खपलाच नाही तर? मग कशाला बसवतील? सिस्टरांनी मनाशी ठरवूनच टाकलं.

"धुतल्यावर आटतो हं," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या.

"मग एक नंबर मोठा द्या."

"रंगही जातो."

"जाऊ दे की! माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला इतकं खरं मीसुद्धा सांगत नाही. दोन द्या, एक बायकोला."

आता आली का पंचाईत! सिस्टरांनी टी-शर्टवर हात दाबून धरला. "असा कोरा नाही मिळायचा. इथंच अंगात घालायचा, त्या वाफ्यात रोपं लावायची. मातीनं माखला की मगच घरी न्यायचा. नियमच आहे आमचा."

असला नियम मंडळाच्या बापजन्मी कोणी केला नव्हता. चष्मेवाल्यानं एकदा वाफ्याकडं पाहिलं, एकदा आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडं. मग शर्टावरूनच टी-शर्ट चढवला, बायकोला हाक मारली आणि सरळ चिखलात उतरला.

त्याला बघून रोग्यांना भेटायला आलेली माणसं थबकली. "काय चाललंय?" "टी-शर्ट घ्यायचा आणि मळवायचा म्हणे!" "अगं बाई, मग मलाही एक!" घरी डाग पडला म्हणून पोरांना झोडपणाऱ्या बाया इथं ढोपरं टेकून हसत होत्या. बघता बघता टेबल रिकामं झालं आणि वाफ्यात झारीवाल्या पाठीच पाठी दिसू लागल्या.

बँकवाले काका धापा टाकत आले. "सिस्टर, कमाल केलीत! पाइपाची चिंताच मिटली. आता पुढच्या रविवारी..."

"कळलं," सिस्टर म्हणाल्या. आपल्याच हातानं पायावर धोंडा! त्यांना स्वतःचंच हसू आलं. त्या उठायला गेल्या. गुडघ्यातून कळ आली, तशा पुन्हा बसल्या. वाफ्याकडं पाहू लागल्या.

"बसेन मी," मग म्हणाल्या. "पण टेबल फाटकाशी नको, वाफ्याच्या कडेला लावा. बघा तो चष्मेवाला! रोपाची मानगूट धरून ओढतोय, कोंबडी पकडल्यासारखा!"

काकांनी आणि वाफ्यातून उठून आलेल्या सुनेनं टेबल उचलून नेलं, मागोमाग खुर्ची. सिस्टर सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेल्या आणि बसायच्या आधीच सुरू झाल्या. "मुळापाशी धरा हो! हं, आता माती दाबा. दाबा म्हटलं, गाडू नका त्याला!"

"सिस्टर, तुम्ही इंजेक्शनही असंच द्यायचात का?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"तुम्ही पालथे तर व्हा, दाखवते!"

सगळा वाफा हसला.

काम उरकलं तेव्हा नळाशी ही गर्दी. सिस्टरांनी भरलेली बादली खुर्चीशी मागून घेतली आणि बसल्या बसल्या एकेकाच्या हातावर पाणी घालू लागल्या. काळं पाणी बोटांतून ओघळत राहिलं. शेवटी सून आली. तिनं हात धुतले आणि सिस्टरांच्या हातातला तांब्या घेतला.

"द्या आई, आता तुमच्या हातांवर घालते."

सिस्टरांनी दोन्ही तळवे वर करून पाहिले.

"माझे कुठं मळलेत गं?" त्या म्हणाल्या. "घाल त्या कडेच्या रोपाला."