राष्ट्रगीताची संथ चाल

एकदाच सांगतो, पुन्हा कोणी विचारू नका. दमलोय मी. बहात्तर वर्षांचा आहे, वरचे सगळे दात खोटे आहेत, आणि खोट्या दातांनी क्लॅरिनेट वाजवणं हा काय भोग असतो ते ज्याचं त्याला कळतं. आमच्या गावच्या बँडचा मी माएस्त्रो, म्हणजे बँडमास्तर. एके काळी अठ्ठावीस जण होतो. गेल्या मे महिन्यात अकरा उरलो होतो, आणि महिना सरता सरता मोठा ढोल वाजवणारा कास्यो गेला. राहिले दहा.

दरवर्षी जून आला की शाळेतून निरोप येतो, माएस्त्रो तेर्यो, मुलांना राष्ट्रगीताचा जन्म सांगा. मी जातो, सांगतो. आधी नुसती धून होती. अठराशे अठ्ठ्याण्णवच्या बारा जूनला, इथून जीपनीने, म्हणजे आमच्या भाड्याच्या जीपगाडीने, अर्ध्या तासावर, स्पॅनिश राज्यापासून स्वातंत्र्य जाहीर झालं, झेंडा वर चढला आणि बँडने ती वाजवली. शब्द नव्हतेच. वर्षभराने आले ते स्पॅनिश. मग अमेरिकन आले राज्य करायला, आणि काही वर्षांनी त्यांनी धूनही बंद केली अन् झेंडाही. बारा वर्षांनी बंदी उठली, तर शाळेत इंग्रजी शब्द शिकवायला लागले. आपल्या भाषेतले शब्द सगळ्यात शेवटी. आमच्या घरात आजी स्पॅनिशमधून म्हणायची, आई इंग्रजीतून, मी आपल्या तागालोगमधून. एका छपराखाली तिघांना मिळून गाता यायचं नाही, फक्त धून काय ती सगळ्यांची. एवढं ऐकून मुलं जांभया देतात. खरं सांगू, मीही देतो.

शाळेत एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही. बंदीच्या काळात आमच्या बँडचा पहिला माएस्त्रो वारला. माझा लोलो, म्हणजे आजोबा, तेव्हा कॉर्नेट वाजवायचा. आपल्या म्हाताऱ्याला त्या धुनेशिवाय पुरायचं नाही, असं सगळ्यांच्या मनात. पण वाजवली की थेट तुरुंग. तेव्हा त्यांनी ती इतकी संथ केली, की एका सुरावर चार पावलं पडावीत, अन् चौथ्या पावलाला ढोलाचा एकच ठोका. नाक्यावर अमेरिकन सार्जंट बसला होता. त्याला वाटलं चर्चमधलं काहीतरी आहे. त्याने टोपी काढली आणि प्रेत पुढे जाऊ दिलं. तेव्हापासून आमच्या बँडमधला माणूस गेला की तीच संथ चाल वाजते. इतर कोणासाठी नाही, मग तो मेयर का असेना. कास्योने त्या चालीचा ढोल एकतीस जणांसाठी वाजवला होता. मी स्वतः मोजलेत.

आता घोळ असा झाला. एप्रिलमध्ये नगरपालिकेच्या सांस्कृतिक खात्यातला रेमार्क दिमागिबा माझ्या अंगणात आला. सव्वीस वर्षांचं पोरगं, केसांना जेल, बोलायला अगदी गोड. हातात कागद.

"माएस्त्रो, सगळ्या बँडांनी सही करायचीय. राष्ट्रगीत कायद्यात दिलंय त्याच वेगाने वाजवायचं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस ठोके. लांबवायचं नाही, नटवायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"दंड आहे, तुरुंगसुद्धा आहे. पण तिथपर्यंत कशाला जाताय? बारा जूनला चौकात तुम्हाला बोलावणार नाहीत, एवढं मात्र नक्की."

ते 'एवढं' म्हणजे आमचं सगळं होतं. जत्रेला आता स्पीकर लावतात, लग्नात स्पीकर, बारशाला स्पीकर. चौकातलं एक बोलावणं आहे म्हणून दहा-अकरा जण रविवारी तालमीला तरी येतात. ते गेलं की वाद्यं माळ्यावर जाणार. मी सही केली. संथ चालीचा विचार मनात आला नाही असं नाही, आला. पण म्हटलं, सध्या तरी कोणी मरत नाहीये.

आणि कास्यो मेला. मेल्यावरसुद्धा त्याला माझीच परीक्षा घ्यायची होती.

दुपारी त्याच्या घरी गेलो. शवपेटी पुढच्या खोलीत, शेजारचे लोक रिवाजाप्रमाणे अंगणात पत्ते कुटत बसलेले, कोणीतरी माझ्या हातात बिस्किटं आणि कॉफी कोंबली. त्याची बायको सिद्रा पेटीजवळ बसली होती. तिच्या थोरलीला बाप्तिस्म्याला मी धरलं होतं, म्हणून ती माझी कुमारे आणि मी तिचा कुम्पारे. पन्नास वर्षं आम्ही भांडत आलोय.

"कुम्पारे, संथच वाजवायचं हं," बसायच्या आधीच ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी तेवढंच बोलला. मुलीचं नाव नाही, माझं नाही. 'तेर्योला सांग, घाई करू नको म्हणावं.'"

"कुमारे, मी सही करून बसलोय."

"कसली सही?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी कप खाली ठेवला.

"तुझ्या लोलोला अमेरिकन बंदुका दिसत होत्या समोर. तुला त्या पोराचा कागद दिसला, अन् लगेच सही ठोकलीस?"

"माझ्या एकट्याचं नाहीये ते. बँड बंद पडेल, कुमारे."

"पडू दे! एकतीस जणांना यानं पोचवलं. बत्तिसाव्याला, याला स्वतःला, काय मिळणार? स्पीकर?"

मला राग आला. तिचं खरं होतं म्हणून जास्तच आला. उठलो, घरी येऊन पडलो. डोळा लागला नाही. भित्रा आहे मी, हे मला पहिल्यापासून माहीत आहे, नवीन काही नाही.

शनिवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली आणि आम्ही दफनभूमीकडे निघालो. हमरस्त्यानंतर वाट अरुंद, गाडी जात नाही, तिथून खांद्यावर न्यावं लागतं. कास्योचा पुतण्या नेस्तोर आणि आणखी पाच जण खांद्याला. आम्ही पुढे. कास्योचा ढोल ग्रेसच्या गळ्यात, शाळेत गणित शिकवते ती. आणि मागे कोण, तर मेयरने पाठवलेलं भलंमोठं पुष्पचक्र घेऊन आमचे रेमार्कसाहेब. म्हटलं, झालं.

वाटेच्या तोंडाशी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मधला मार्ग काढला. भित्र्यांना मधले मार्ग फार सुचतात. म्हटलं, धून तीच वाजवू, पण कायद्याच्या वेगाने. कास्योचाही मान राहील, कागदाचाही. ग्रेसला बोटांनी वेग दाखवला आणि सुरू केलं.

तिसऱ्या ओळीला वाट गोठली. सगळेच्या सगळे जागच्या जागी उभे, उजवा हात छातीवर. सायकलरिक्षावाला उतरला. उसाचा रस काढणाऱ्याने चाक सोडलं. बरोबरच आहे, राष्ट्रगीत लागलं की हलायचं नाही हे आम्हाला दूध पितापिताच शिकवतात. खांदेकरीही थांबले. भर उन्हात, माणसाएवढी पेटी खांद्यावर, नेस्तोरची मान लाल झालेली, आणि आम्ही एकशेपाचच्या वेगाने ठणाठणा वाजवतोय. प्रेत जागचं हलेना. रेमार्क छातीवर हात ठेवून माझ्याकडे पाहत मान डोलावत होता, छान चाललंय म्हणून. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

धून संपली. सिद्रा गर्दीतून पुढे आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"उन्हात उभं केलंस त्याला," ती म्हणाली. "आता ने की, कुम्पारे."

मी क्लॅरिनेट तोंडाला लावली. ग्रेसला म्हटलं, "चौथ्या पावलाला एक." तिने ती चाल फक्त ऐकली होती, वाजवली नव्हती, पण गणितवाली आहे, तिला कळलं. पहिला सूर लांबवला. श्वास पुरेना, दात हलायला लागले, तरी लांबवला. नेस्तोरचं पाऊल उचललं, मग बाकीच्यांचं. ढोल पडला. लोकांचे हात छातीवरून खाली आले आणि सगळे चालायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

अर्ध्या वाटेवर एक कडवं संपलं, दम घ्यायला थांबलो, तर रेमार्क शेजारी. म्हटलं, संपला बँड.

"माएस्त्रो," तो हळूच म्हणाला, "काय सुंदर धून आहे हो ही. अंगावर काटा आला. कुठली? चर्चमधली का?"

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. थट्टा नव्हती. पाचच मिनिटांपूर्वी छातीवर हात ठेवून ऐकलेली धून, आणि याला ओळखू येत नव्हती. सुटलो होतो मी. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. बारा जून वाचला असता, रविवारची तालीम वाचली असती.

पण काय झालं कोण जाणे, तो 'हो' तोंडातून निघेना. परक्याने ओळखू नये म्हणून केलेली चाल ती. आपलंच पोरगं तिला ओळखत नाही म्हणून मी सुटकेचा श्वास टाकायचा? मला ते सहन होईना.

"राष्ट्रगीत आहे, रेमार्क," मी म्हटलं. "तेच. मिनिटाला वीस-पंचवीस ठोके असतील. अमेरिकनांपासून लपवलं होतं आम्ही. तुझ्यापासून नाही लपवत. घे लिहून."

त्याचा चेहरा पडला. पुष्पचक्र या हातातून त्या हातात घेतलं.

"मला वर कळवावं लागेल, माएस्त्रो. तुमची सही आहे."

"कळव."

"बारा जूनचं मग..."

"माहितीये रे बाबा."

आम्ही पुन्हा सुरुवात केली. तो तसाच उभा. हात छातीपर्यंत गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. लोक त्याला वळसा घालून पुढे जात होते. मग धावत माझ्यापर्यंत आला, अगदी रडकुंडीला आलेला.

"माएस्त्रो, पण आत्ता मी काय करू? थांबू की चालू?"

मी सूर सोडला, बाकीच्यांनी धरून ठेवला.

"ते पुष्पचक्र टेकव कुंपणाला," म्हटलं, "आणि पेटीच्या मागच्या कोपऱ्याला जा. नेस्तोर दमलाय, खांदा दे."