हात बाहेर

ओडेलने शेवटची वादी ओढून घेतली आणि बाळाच्या छातीवर गाठ मारली. टेसी आता गळ्यापासून पावलांपर्यंत लाल मखमलीच्या खोळीत बसली होती. पाठीला देवदाराची सपाट फळी, डोक्यावर वाकवलेली लाकडी कमान, दोन्ही हात आत, अंगाला लागून. तिने एकदा नाक मुरडलं, जांभई दिली आणि डोळे मिटले.

"बघितलंस, आई? लगेच झोपली."

जेमायमा सिंकपाशी पाठमोरी उभी होती. कप केव्हाच धुऊन झाला होता. ती तो पुन्हा धूत होती.

"बरं," ती म्हणाली.

ओडेलने फळी टेबलाला टेकवून उभी केली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. ही तिकिनागन, म्हणजे बाळ बांधायची फळी, म्हाताऱ्या मोझेसने खास आजच्यासाठी करून दिली होती. या घरात याआधी तिकिनागन कधी आलीच नव्हती. ओडेल आणि तिचे भाऊ सफरचंदांच्या खोक्यात वाढले, हातपाय मोकळे, आणि त्यावरून मावश्यांनी आईला वर्षानुवर्षं चिडवलं. जेमायमाला पोर बांधता येत नाही, म्हणायच्या. ओडेलने मोठेपणी त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला होता. आई सहा वर्षांची असताना तळ्यावर विमान उतरलं आणि तिला चर्चच्या निवासी शाळेत घेऊन गेलं. पोर कसं बांधायचं हे जिच्याकडून शिकायचं, ती आजी इथेच राहिली. शाळेने हातातून काढून घेतलेली गोष्ट पुन्हा हातात द्यायची, एवढंच ओडेलच्या मनात होतं.

दरवर्षी सप्टेंबर संपताना गावात परतलेल्यांचा दिवस व्हायचा. त्या शाळांमधून जी माणसं जिवंत परत आली, त्यांना गाव परतलेले म्हणायचं. म्हातारी माणसं त्या शाळांच्या आठवणीचे नारिंगी शर्ट घालून खुर्च्यांवर बसायची, चर्चकडून आलेला पाहुणा माफी मागायचा, म्हातारी माणसं मान हलवायची, मग जेवण. यंदा कमिटीच्या बैठकीत ओडेल टेसीला पाजता पाजता म्हणाली होती की, परतलेल्यांनी हॉलमध्ये चालत यावं. प्रत्येकाने आपल्या घरातलं सगळ्यात लहान पोर घेऊन. गावातून पोरं नेली ना, मग गावाला पोरं येताना दिसू देत. आईच्या नात्यातल्या सलोमी मावशीने नाक शिंकरलं आणि म्हणाली, "हे चांगलंय. यात त्या पाहुण्याला बोलायला वेळच उरत नाही."

त्याच संध्याकाळी ओडेलने आईला विचारलं, टेसीला घेऊन सगळ्यांच्या पुढे चालशील?

"बरं," आई म्हणाली.

ओडेल बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसली आणि रडली. कारण टेसी चार महिन्यांची झाली होती आणि आईने तिला एकदाही उचललं नव्हतं. आई माशाचं कालवण आणायची, लंगोट धुवायची, चुलीसाठी लाकडं फोडायची. बाळाच्या उशाशी येऊन उभी राहायची, हात पाठीमागे. घे ना, म्हटलं की हात ओले असायचे. नाहीतर गार. नाहीतर सर्दी झालेली असायची.

बाहेर हॉर्न वाजला. ट्रक ओडेलचाच होता. हॉर्न वाजवणारी सलोमी मावशी आधीच त्यात चढून बसली होती.

"आण ती फळी इकडे, माझ्या मांडीवर," ती म्हणाली. "अगं बाई, मोझेसने किती फुलं रंगवलीत! एवढी फुलं माझ्या दोन्ही नवऱ्यांच्या थडग्यांवर मिळून नाहीत."

"दोघंही जिवंत आहेत, मावशी."

"म्हणून तर म्हणते."

जेमायमा दाराकडे बसली, दाराला अंग लावून. रिबिनींचा नवा घागरा तिने गुडघ्यांखाली घट्ट दाबून घेतला होता. तळ्याकडून वारा येत होता आणि रस्त्यावरची बर्चची पिवळी पानं काचेवर आपटत होती.

"तू आज हसणारेस का, जेमायमा?" सलोमी म्हणाली. "फोटो काढतायत. मागल्या वर्षीच्या फोटोत तू अशी दिसत होतीस की तो चर्चचा माणूस तुझीच माफी मागत होता असं वाटावं."

"माझीच मागत होता," जेमायमा म्हणाली.

सलोमी इतकी हसली की फळी हलली. टेसी उठली नाही. जेमायमा बाळाकडे पाहत राहिली. तिचा उजवा अंगठा डाव्या बाहीत शिरला होता आणि मनगटाभोवती फिरत होता.

"हलत नाही ती," ती म्हणाली.

"झोपलीय, आई."

"घट्ट आहे."

"घट्टच असावं लागतं. पोटात असल्यासारखं वाटतं त्यांना."

"बरं."

गावच्या हॉलच्या दारात कोट टांगायचा बोळ होता. बाहेरचं दार वाऱ्यामुळे लावून घेतलेलं आणि आतलं दार नाव पुकारल्याशिवाय उघडायचं नव्हतं. त्या मधल्या जागेत सगळे परतलेले दाटीने उभे होते, कुणाच्या कडेवर नातू, कुणाच्या बोटाला पणती. ओल्या कोटांचा, मूस हरणाच्या रश्शाचा आणि जळत्या देवदाराचा वास एकत्र झाला होता. आत ढोल तापवत होते. जेमायमा वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून ती रांगेत पहिली.

ओडेलने फळी तिच्या हातांत दिली.

दिली, आणि फोन काढून मागे सरकली. इतके महिने तिने या फोटोची वाट पाहिली होती. पडद्यावर आई दिसली. टाच टाचेला जुळलेली, हनुवटी वर, डोळे समोर. बाळ छातीशी नव्हतं. फळी तिने अंगापासून लांब धरली होती, जेवणाचा ट्रे धरतात तशी, आणि तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. आईकडे लहानपणचा एकच फोटो होता, शाळेच्या पायऱ्यांवरचा. त्यात सगळ्या मुली अशाच उभ्या होत्या.

ओडेलने फोन खाली केला.

"आई, नको असेल तर सांग. नकोय का?"

"बरं," जेमायमा म्हणाली.

त्या प्रश्नाला ते उत्तरच नव्हतं. ओडेल आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. आयुष्यभर ऐकलेला हा शब्द होकार आहे, असं तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तिने तो तसा धरला होता, कारण तसा धरणं सोपं होतं. आता मागे खचाखच रांग होती, पुढे बंद दार, आणि दारापलीकडे सबंध गाव उभं राहण्याच्या तयारीत बसलं होतं.

ढोलावर पहिली थाप पडली. आत माइकवरून आईचं नाव पुकारलं गेलं.

जेमायमाचे गुडघे सावकाश वाकले. ती पडत नव्हती, बसत होती. कोटांखालच्या जमिनीवर ती बसली, फळी मांडीवर आडवी घेतली आणि वाकून छातीवरची गाठ दातांत धरली.

"अगं, काय करतेस?" सलोमी म्हणाली. "दार उघडतंय. ऊठ."

"नाही."

आईच्या तोंडून हा शब्द ऐकल्याचं ओडेलला आठवेना.

गाठ सुटली. जेमायमा वाद्या एकेका भोकातून ओढून काढू लागली. ते काम नाजूक नव्हतं, तिच्या घाईने फळी हिसके खात होती. "हात बाहेर," ती म्हणत होती. कुणाला उद्देशून नाही. "हात बाहेर, हात बाहेर."

"आई, तिला आवडतं गं तसं. ती झोपली होती." ओडेल खाली बसून वाद्यांवर हात ठेवायला गेली, तेवढ्यात सलोमीने तिचा खांदा धरला.

"राहू दे," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "शाळेत मी हिच्या शेजारच्या पलंगावर असायचे. ही अंधारात उठून लहान मुलींच्या खोलीत जायची, धाकट्या बहिणीकडे. म्हणून हिचे हात पलंगाला बांधून ठेवायचे."

"कोण बहीण?"

"आयडा. भिंतीपलीकडे रडत असायची. सगळ्यांना ऐकू यायचं." सलोमीने ओडेलकडे न पाहता आपली शाल सारखी केली. "एका हिवाळ्यात रडायची थांबली."

शेवटची वादी निघाली. खोळ उघडली आणि टेसीचे हात अचानक मोकळे झाले. ते दोन्हीकडे उडाले, जणू ती कुठून तरी खाली पडत होती. तिने डोळे उघडले, श्वास ओढला आणि किंचाळून रडू लागली.

जेमायमाचे हात हवेत राहिले. तिने टेसीला सोडवलं होतं आणि टेसी रडत होती. जेमायमा एकदा बाळाकडे, एकदा आपल्या तळहातांकडे पाहत होती.

ओडेलला पान्हा फुटला, शर्ट भिजला. तिने हात पुढे केले. पण सलोमीने तिच्याआधी वाकून बाळ उचललं, जेमायमाच्या मांडीवर ठेवलं आणि रिकामी फळी ओडेलच्या पुढे आलेल्या हातांत दिली.

"जा तू. रांग अडलीय. पहिली जागा मोकळी ठेवून कुणी आत जाणार नाही."

"मावशी, ती रडतेय!"

"ऐकतेय मी. तिच्यापाशी रडू दे. चल."

दार उघडलं. मागच्या माणसांनी मुद्दाम ढकललं नाही, पण ती पुढे सरकली आणि ओडेल आत गेली.

सगळं गाव उभं राहिलं. लोक हसायच्या तयारीत होते. मग त्यांना रिकामी फळी दिसली. मखमली खोळ उघडी, सैल, आणि वाद्या लोंबत होत्या. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग त्याच्या शेजारच्याने काढली. बायका तोंडावर हात धरून रडू लागल्या. ओडेलला ओरडून सांगावंसं वाटलं, तसं नाही हो, माझी पोर ठीक आहे, तिकडे बोळात आहे, ऐका ना! पण ढोल चालू असताना बोलत नाहीत. आणि आयडा आठवली की, तसं नाही, हे तरी तिने कशावरून म्हणायचं?

गोल पुरा करावा लागतो, डावीकडून उजवीकडे, ढोलाच्या चालीवर, मधून कुणी वळत नाही. तिच्या मागे सगळे म्हातारे होते. त्यांच्या पावलांपेक्षा भरभर चालणं शक्य नव्हतं. दोन थापांच्या मधल्या जागेत तिला टेसीचं रडणं ऐकू यायचं, आणि ती त्याच जागांची वाट पाहत पाऊल टाकत होती. रडणं. थाप. रडणं. थाप.

हॉलच्या पलीकडच्या टोकाशी, दारापासून सगळ्यात लांब, रडणं थांबलं.

एकदम थांबलं.

ओडेलने पुढची थाप जाऊ दिली आणि कान दिला. काही नाही. पुन्हा दिला. काही नाही. तिने फळी आणखी घट्ट धरली, वाद्या तिच्या मनगटांवर आपटत होत्या. एवढी माणसं तिच्यासाठी टोप्या काढून उभी होती आणि त्यांच्यामधून पळत सुटण्याइतकी जागा कुठेच नव्हती. ती चालत राहिली. एक भिंत, मग खिडक्या, मग चर्चचा पाहुणा खाली मान घालून, मग रश्शाची पातेली मांडलेलं टेबल.

ढोल थांबताच तिने फळी पहिल्या खुर्चीवर ठेवली आणि बोळात गेली.

जेमायमा तिथेच होती. भिंतीला टेकून, पाय पसरून, डोक्यावर कुणाच्या तरी कोटाची बाही. टेसी तिच्या पायांमधल्या घागऱ्याच्या खोलगटात उताणी होती. जेमायमाचा एक पंजा तिच्या छातीवर आडवा पसरला होता, दोन्ही दंडांना धरून, सगळ्या वजनानिशी. पंज्याखाली टेसीचा शर्ट वर-खाली होत होता. सलोमी दाराशी उभी होती. ओडेलला पाहून ती आत गेली.

ओडेल भिंतीला धरून खाली बसली.

"रडली," ओडेल म्हणाली.

"रडली खूप."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. इथेच होते."

टेसीच्या मुठीत जेमायमाच्या बाहीचं टोक होतं. मनगट उघडं पडलं होतं आणि तिने ते झाकलं नव्हतं.

"दे, मी घेते आता. पाजते."

"हात उचलला की उठेल."

आत खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग कुणीतरी प्रार्थना म्हटली, मग शांतता. सर्वांत मोठ्या माणसाचं ताट वाढल्याशिवाय गावात कुणी जेवायला सुरुवात करत नाही.

"आई, तुझ्यासाठी खोळंबलेत सगळे. तो पाहुणासुद्धा."

जेमायमाने डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले.

"थांबू देत," ती म्हणाली.

ओडेलने मान लांब करून दारातून पाहिलं. पातेल्यांमधून वाफ निघत होती, आणि सबंध गाव हात मांडीवर ठेवून बसलं होतं.